समरजितची पांढरी जर्सी

“पण वस्ताद, मी आजवर एकदाही पडलो नाही. मग गाडी मला द्यायला तुमचा हात का आखडतोय?”

हिंदुराव वस्ताद जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. त्यांनी कपात फुंकर घातली, एक घोट घेतला.

“म्हणूनच,” ते म्हणाले.

समरजितला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नसणार. त्याने तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

वस्तादांनी आणखी एक घोट घेतला.

पंधरा वर्षांचं पोर, पण तोरा काय वर्णावा! कोल्हापूरबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर वस्तादांनी मातीचे उंचवटे रचून मोटोक्रॉसचा, म्हणजे मोटारसायकली उडवत पळवायचा, ट्रॅक केला होता. तालमीतल्या गुरूला म्हणतात तसं पोरं त्यांना वस्तादच म्हणत. त्या ट्रॅकवर रोज सगळी पोरं चिखलाने माखून निघायची, आणि हा पठ्ठ्या पांढरीशुभ्र जर्सी घालून यायचा आणि पांढरीशुभ्रच घेऊन घरी जायचा. ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर बघायला बसलेली माणसं एकमेकांना कोपराने ढोसून दाखवायची. त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं.

आजवर त्याने सगळ्या शर्यती जुन्या जड गाडीवर जिंकल्या होत्या. आता वस्तादांकडे नवी आली होती. सव्वाशे सीसीची टू-स्ट्रोक, अंगाने अशी हलकी की एका हाताने मागचं चाक उचलावं. कुणालाही वेड लागावं अशी गाडी.

गाडी एकच, आणि रविवारी साताऱ्याला शर्यत. वस्ताद तिच्यावर एकालाच बसवणार होते, एकतर समरजितला नाहीतर त्याच्याबरोबरच्या तौफिकला. आणि तौफिक तर रोज पडायचा! मग यात विचार कसला करायचा? समरजितला खरंच कळत नव्हतं, आणि आतून भयंकर राग येत होता.

“तौफिकला देणार आहात का? स्पष्ट सांगा.”

“चालू कर,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“गाडी रं. चालू कर आणि बस.”

समरजितचा चेहरा उजळला. हेल्मेट चढवलं, किक मारली. टर्रर्र करून इंजिन पेटलं, निळा धूर निघाला. त्याने जर्सी खाली ओढून नीट केली आणि गाडी हळूहळू वस्तादांसमोर आणली. नुकतंच टँकरने ट्रॅकवर पाणी मारलं होतं. लाल चिखल झाला होता.

वस्ताद उठले. कप टायरवर ठेवला. जवळ आले, शाबासकी द्यावी तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला...

आणि ढकललं.

समरजित आणि गाडी, दोघंही चिखलात आडवे. भिंतीवर हशा पिकला. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

समरजित ताडकन उठला. आधी भिंतीकडे बघितलं. मग बाही झटकली, गुडघे झटकले, छातीवरचा चिखल हातमोज्याने पुसायला गेला तर तो आणखीच पसरला. मग हेल्मेट सरळ केलं. मग गाडी उचलली.

किक मारली. इंजिन पेटेना.

पुन्हा मारली. पुन्हा. घामाघूम झाला, पण गाडी काही ढिम्म हलेना.

“वस्ताद, हे बरं नाही केलंत!” त्याचा आवाज फाटला. “सगळ्यांसमोर!”

“आडव्या गाडीत पेट्रोल तुंबतंय,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “जितका वेळ पडून राहील तितकं जास्त. टाकीची तोटी बंद कर. ॲक्सिलरेटर पुरा उघड. आता मार.”

त्याने तसं केलं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि पेटलं.

“आता तोटी उघड... आणि मला सांग. आधी कुणाला उचललंस?”

समरजितने तोटी उघडली.

मान खाली गेली.

जर्सीवर त्याच्याच बोटांचे लाल पट्टे उमटले होते. त्याला रडूच आलं होतं, पण हेल्मेटच्या आत कोण बघतंय! इंजिन आपलं टर्रटर्र करत होतं.

मग वस्ताद वळले आणि भिंतीवरच्या माणसांना त्यांनी हाळी दिली.

“ए मंडळी! उठा. तिकडं तोंड करा.”

“का हो वस्ताद?”

“पाठ करा म्हटलं न्हवं? तौफ्या, तू पण.”

वस्तादांपुढे बोलायची कुणाची बिशाद? कुरकुरत सगळे उठले आणि ट्रॅककडे पाठ करून बसले. वस्तादांनीही टायर फिरवला, पाठ केली आणि गार झालेला चहा हातात घेतला.

“जा,” ते मागे न बघता म्हणाले. “फिरून ये.”

समरजितने गाडी सोडली. आधी रागाने सोडली, हे कबूल केलं पाहिजे. पण ही गाडी जुन्या गाडीसारखी नव्हती. जरा वेळ गरीब गाईसारखी चालायची आणि मग एकदम अशी उसळायची की हात खांद्यातून निघतील. पहिल्या उंचवट्यावरून ती उडाली तेव्हा त्याने हँडल घट्ट आवळलं. दुसऱ्यावर मजा वाटली. तिसऱ्यावर तो हेल्मेटच्या आत ओरडला, “आयला!”

आणि लांबच्या वळणावर मागचं चाक सटकलं.

या वेळी कुणी ढकललं नव्हतं. तो सरळ तोंडावर आपटला. तोंडात माती गेली.

उठता उठता सवयीने मान भिंतीकडे वळलीच. तिकडे नुसत्या पाठी दिसत होत्या. लहान, मोठ्या, वाकलेल्या पाठी, रांगेने. टायरवर वस्तादांची पाठ आणि तिच्या वर एक टक्कल.

समरजितला हसू फुटलं. एकट्यालाच, त्या चिखलात, खदाखदा हसू फुटलं.

मग हात आपोआप गाडीकडे गेले. गाडी उभी केली. तोटी बंद, ॲक्सिलरेटर पुरा, किक. इंजिन पेटलं. तोटी उघडून तो निघाला. बाहीकडे त्याचं लक्षही गेलं नाही. उरलेल्या फेरीत तो अशी गाडी हाणत आला की ऐकणाऱ्यांच्या पाठीसुद्धा चुळबुळायला लागल्या. मागं वळून बघायला तौफिकची मान नुसती शिवशिवत होती, पण त्याने धीर धरला.

समरजित वस्तादांच्या मागे येऊन थांबला. इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

“वस्ताद, मी पडलो.”

“व्हय?” वस्तादांनी अजून तोंड वळवलं नव्हतं. “कधी?”

“त्या लांबच्या वळणावर. चांगलाच पडलो.”

“इंजिनचा आवाज जरा थांबला होता खरा. मला वाटलं, पोरगं शिंकलं आसंल.”

पाठ केलेली माणसं हसली. समरजितही हसला. मग त्याला आठवलं, आपण आज कशासाठी आलो होतो ते. हसू ओसरलं. त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं.

“गाडी तौफिकला दिलीत तरी चालेल,” तो म्हणाला. “म्हणजे... चालणार नाही. पण मी काही बोलणार नाही.”

वस्ताद आता वळले. पोराकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. बूट चिखलात बुडालेले, दात लाल, आणि पांढरा म्हणावा असा जर्सीवर एक दोरा उरला नव्हता.

त्या नजरेने समरजित ओशाळला आणि त्याचा हात छातीवरचा चिखल पुसायला वर गेला.

वस्तादांनी तो मनगटात धरला...

“धुऊ नकोस. रविवारी हीच घालून ये.”