सागरविलासच्या भोजनगृहातली वाट

मोरबंदरला आलेले पाहुणे सागरविलास हॉटेलची झुंबरं बघून आधी तोंडात बोट घालतात आणि मग नाकाला रुमाल लावतात. एवढ्या थोरल्या भोजनगृहाला समोरासमोर दोन कमानी आहेत, एक समुद्राकडे, एक बाजाराकडे. आणि दोन्हींना दार नाही. कोळणी मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन एकीतून शिरतात, नाश्त्याच्या टेबलांमधून चालत दुसरीतून निघून जातात. अशी सोय मुंबईच्या हॉटेलांतही नाही.

असे सांगतात, की हॉटेल बांधणाऱ्या गोकुळजी शेठनी सारा किनारा हिंडून नेमकी हीच जागा पसंत केली. कोळणींची बाजाराची पायवाट तिच्या मधोमध होती. नकाशात ती नव्हती. नकाशे काढणारे मासळी विकायला जात नाहीत. इमारत उभी राहिली, कमानींना सागवानी दारं बसली. कोळणींनी खडकांवरून वळसा घ्यावा असे ठरले. ठरवणारे अर्थात गाडीने जात.

त्या वळशावर चांगूबाय कोळणीची गरोदर सून शेवाळावरून घसरली. ती वाचली, पोर गेले.

चांगूबाय रडत शेठजींकडे गेली नाही. तिने समुद्राला नारळ वाहून शपथ घेतली म्हणे, “ज्यानं आमची वाट गिळली, त्याच्या चुलीवर आमची मासली चढायची नाय.” सगळा कोळीवाडा तिच्या शब्दाला जागला. शेजारच्या गावांनीही हात वर केले.

उद्घाटनाला कुठल्याशा संस्थानचे महाराज आले. खिडकीबाहेर समुद्र गर्जत होता आणि ताटात वांगी होती. महाराजांनी विचारले, “शेठ, हा समुद्र खरा आहे ना?”

शेठजी तसेच उठून कोळीवाड्यात गेले. “बाय, मागशील तो भाव देतो.”

“भाव नको. मासली वाटंनं येते, शेट. वाट कुठं हाय?”

 शेठजी परतले आणि पाहुण्यांदेखत दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उखडली. स्वतःच्या हातांनी, असे म्हणतात. तसबिरीतला त्यांचा देह पाहता सुतार मदतीला असावा. थोड्या वेळाने चांगूबाय आली. पुढे सून, तिच्या डोक्यावर पहिली पाटी. सून एका खुर्चीपाशी थांबली.

“राजा, जरा सरक,” चांगूबाय म्हणाली. “वाटंत बसलायस.”

महाराज सरकले.

आजही कोळणी आल्या की मोठमोठे लोक खुर्च्या सरकवतात. उधाणाला पाणी थेट गालिच्यापर्यंत येते. दर नवा मॅनेजर काचेची दारं बसवायची म्हणतो. आम्ही म्हणतो, जरूर बसवा. बाजारात वांगी भरपूर आहेत.