पहिली पट्टी आणि म्हातारा रूळ

जाड काचेच्या सौर पॅनेलच्या जागी कागदासारख्या पातळ पट्ट्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका कारखान्यात गोल फिरणारा एक म्हातारा रूळ पट्ट्यांवर उन्हातून वीज करणारा लेप चढवायचा. एके सकाळी त्याच्याखालून पहिली अखंड पट्टी बाहेर पडली.

"आजोबा, माझ्या लेपात काहीतरी टोचतंय," ती म्हणाली.

रूळ दचकला. त्याची कड झिजली होती आणि त्या कडेचाच एक कण लेपात अडकला होता. "गप्प राहा," तो म्हणाला. "तपासणीच्या दिव्याखाली घटकाभर जोर लावून वीज दे, की तू उन्हात जाशील. नाहीतर तुला कापतील आणि मलाही काढतील."

पट्टीला ऊन बघायची फार ओढ होती. पण तपासणीला आलेल्या मंजूषाताई कुणालातरी सांगत होत्या, "ही डोंगरावरच्या दवाखान्यात जाणार. तिथल्या लसी हिच्याच विजेवर गार राहतील."

दिव्याखाली पट्टीने जोर लावला नाही. वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा खालीच राहिला.

"किती सुंदर झाली होतीस गं," असं म्हणत मंजूषाताईंनी जड हाताने कात्री उचलली. तुकडा भिंगाखाली धरताच त्यांना कण दिसला. त्याच दुपारी रूळही उतरवला गेला. जाताना तो "पोरी, चुकलं माझं" म्हणाला, पण ते ऐकायला ती उरली नव्हती.

आठवड्याने नव्या रुळाखालून निर्दोष पट्टी निघाली. तिने विचारलं, "माझ्याआधी इथं कुणी होतं का?"

"माहीत नाही," नवा रूळ म्हणाला. "मी आलो तेव्हा सगळं स्वच्छ पुसलेलं होतं."