पाहुण्यांच्या वेळची हाळी

त्या राज्यात सगळे थोरल्यांना भिऊन जगत होते, आणि भीत होते म्हणूनच जगत होते. राज्य म्हणजे एक अफाट जंगल. सागाचे, बांबूचे, मधूनमधून मोकळ्या गवताचे. थोरले म्हणजे वाघ. वाघाचे नाव कोणी घेत नसे, घेतले की तो येतो म्हणून. न घेताही तो येतच असे, ती गोष्ट वेगळी.

हरणे आणि वानरे यांच्यात तिथे जुना करार होता. वानरांनी झाडाच्या शेंड्यावर बसून राखण करायची आणि खाता खाता चार कोवळ्या डहाळ्या खाली टाकायच्या. हरणांनी त्या खायच्या, आणि वाऱ्यावर काही वेगळा वास आला तर पाय आपटून कळवायचे. थोरले दिसले की वानर हाळी देई. कोरडी, खोकल्यासारखी, काळजात घुसणारी. ती ऐकली की पुढच्या झाडावरच्या राखणदाराने स्वतः काही न पाहता, न विचारता तीच हाळी पुढे द्यायची, असा नियम होता. विचारपूस करण्यात वेळ जातो आणि थोरले वेळ देत नाहीत. हाळी राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हरणे बांबूत शिरलेली असत.

मोठ्या मैदानाच्या कडेला अर्जुनाचे झाड होते. त्यावर केरबा नावाचा वानर राखण करी. उभ्या आयुष्यात आपण एकही खोटी हाळी दिली नाही याचा त्याला ताठा होता, आणि खरे सांगायचे तर तो त्याला शोभतही होता. खालच्या कळपातली साळू हरणी त्याला मामाजी म्हणायची. ती पाडस असताना थोरल्यांचा पंजा तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. केरबाच्या हाळीने ती वाचली. तेव्हापासून तो राखण सगळ्या मैदानाची करी, पण नजर आधी साळूकडे जाई. यंदा साळूलाही पाडस झाले होते.

मग राज्यात पाहुणे येऊ लागले. उघड्या गाड्यांतून, सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा. त्यांना थोरले पाहायचे असत. थोरले काही कोणाच्या वेळेवर येणारे नव्हते, त्यामुळे बहुतेक पाहुणे हिरमुसून परत जात. पण ज्या दिवशी हाळी होई, त्या दिवशी थोरले दिसले नाहीत तरी ते एकमेकांचे हात घट्ट धरत, श्वास रोखत आणि खूश होऊन जात. हे धनेशाने हेरले. धनेश हा लांबलचक चोचीचा पक्षी. पाहुण्यांची सरबराई त्याने आपणहून अंगावर घेतली होती आणि त्याला कोणी नको म्हटले नव्हते.

एक दिवस तो अर्जुनावर येऊन बसला. "केरबाजी, उद्यापासून गाड्या आल्या की हाळी द्यायची."

"थोरले नसताना?"

"नसताना कसे? एवढ्या रानात ते कुठे ना कुठे असतीलच की. त्यात खोटे काय?"

"जीभ झडेल माझी," केरबा म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

धनेशाने वाद घातला नाही. त्याने पाहुण्यांकरवी मैदानाच्या मधोमध मिठाचे दगड ठेववले. उन्हाळा कडक होता, गवतात सत्त्व उरले नव्हते. हरणे दगडांवर तुटून पडली. दोन दिवसांनी दगड उचलले गेले. मीठ हवे असेल तर हाळी झाली पाहिजे, आणि हाळीनंतर हरणांनी पळून न जाता मैदानात येऊन उभे राहिले पाहिजे, असे धनेशाने कळपाला समजावले. पाहुण्यांना भ्यालेली हरणे आवडत होती, पळालेली नव्हे.

चौथ्या दिवशी साळू अर्जुनाखाली आली. तिच्या मागे पाडस लटपटत उभे होते.

"मामाजी, लेकराच्या फासळ्या दिसून राहिल्या. माझ्या दुधाले जोर नाही. तुमचं काय जाते जी, एक आवाज द्याले?"

"अन् थोरले खरंच आले तर, पोरी?"

"तव्हा तुम्ही आहाच ना," साळू म्हणाली.

दिवस कलताना गाड्या आल्या आणि त्याने हाळी दिली. घसा तोच होता, आवाज तोच होता, फक्त दिल्यावर त्याला कोणाच्या तोंडाकडे बघवेना. पुढच्या झाडाने नियमाप्रमाणे ती उचलली, त्याच्या पुढच्याने उचलली, आणि सगळे राज्य थरारले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुरुवातीला हरणांचे पाय आपोआप पळत आणि मग लाजल्यासारखे परत येत. पण पोटापुढे पाय किती दिवस टिकणार? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे म्हातारी हरणेच म्हणू लागली. महिनाभरात हाळी झाली की कळप बांबूतून बाहेर येऊ लागला. पाहुण्यांचा पाडसांवर फार जीव. पाडस पुढे दिसले की ते आणखी एक दगड टाकत. म्हणून आया पाडसांना पुढे करू लागल्या. साळूच्या पाडसाच्या अंगावर मांस चढले, ठिपके चकाकू लागले. ते पाहून केरबाला बरे वाटे, आणि बरे वाटते याची लाजही वाटे.

आपल्याकडे आणखी एक वेगळी हाळी असावी, असे त्याच्या मनात आले. त्याने एकट्याने ती काढून पाहिली. घशातून तीच येई; पूर्वजांनी एकच दिली होती. मग तो गाड्यांसाठीची हाळी थोडी हलकी देऊ लागला आणि जोर खऱ्यासाठी राखून ठेवला. तेवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली.

एका दुपारी, गाड्यांची वेळ नसताना, मिठाचे दगड टाकत त्या जागेमागचे उंच गवत वाऱ्याविरुद्ध हलले. केरबाने निरखून पाहिले. थोरले पोटावर बसले होते. साळू आणि तिचे पाडस दूर बांबूच्या सावलीत निवांत रवंथ करत होते, सगळा कळपही तिथेच होता, आणि कोणी जागचे हलले नसते तर थोरले संध्याकाळपर्यंत उपाशी बसून निघून गेले असते. हे केरबाला कळायला हवे होते. पण राखणदाराचा घसा डोळ्यांचे ऐकतो, डोक्याचे नाही. त्याने हाळी दिली. राखून ठेवलेल्या सगळ्या जोराने दिली.

साळूचे कान उभे राहिले. मामाजींनी इतकी जोरात हाळी कधी दिली नव्हती. आज पाहुणे बरेच असावेत. ती उठली.

केरबाला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. तो ओरडत खालच्या फांदीवर आला, फांद्या हलवल्या, दात विचकले, आणि घशातून पुन्हा तीच हाळी निघाली. साळू पावले उचलून चालू लागली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले. त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड गच्च दाबून धरले.

तोवर शेजारच्या मोहावरून हाळी झाली होती. मग ऐनावरून, मग टेकडीवरच्या सालईवरून. न पाहता, न विचारता, झाडामागून झाड. बांबूच्या प्रत्येक बेटातून हरणे लेकरांना घेऊन उन्हात येत होती.

थोरले गवतातून उठून उभे राहिले. दडून बसायचे आता काही कारण नव्हते. साळूने नाकाने ढकलून पाडसाला आपल्यापुढे नीट उभे केले, गाड्यांच्या वाटेकडे मान वळवली, आणि ती स्थिर राहिली.