कोल्ह्याचे लग्न आणि दमलेले वादळ

समुद्रापासून खूप दूर, डोंगरांच्या पायथ्याशी एक जंगल होते. तिथे राहणाऱ्या एका कोल्ह्याचे लग्न ठरले होते. कोल्हा मोठा हौशी. जंगलातला ओढा त्या दिवसांत कोरडा पडला होता आणि त्याच्या पात्रातली वाळू मऊ, सपाट होती. कोल्ह्याने तिथेच मांडव घातला. वर जांभळाच्या डहाळ्या, बाजूंना पळसाची पाने आणि दारात आंब्याचे तोरण. मांडव इतका देखणा झाला, की कोल्हा तासन्‌तास त्याच्यासमोर उभा राही. याला नवरीपेक्षा मांडवाचेच कौतुक जास्त, असे ससे आपापसांत म्हणत.

लग्न अगदी तोंडावर आले आणि समुद्राकडून मोठे वादळ आले. सगळे प्राणी कपारींत दडून बसले. वारा घोंगावला, फांद्या मोडल्या, आणि मग हळूहळू त्याचा जोर ओसरला. काठावरच्या उंच अर्जुनाच्या झाडावर चढून वानराने चहूकडे पाहिले. आता पानही हलत नाही, वादळ संपले, असे त्याने वरूनच सांगून टाकले. मांडव खोलगट जागेत असल्यामुळे त्याचे तोरणसुद्धा जागचे हलले नव्हते. कोल्ह्याला कोण आनंद झाला. वऱ्हाडी वाळूवर जमू लागले. सशांची पिल्ले मांडवात शिवाशिवी खेळू लागली.

नवरीकडची मंडळी मात्र टेकडीवर उतरली होती. तिथे नवरी कोल्हिणीला एक पांढरा समुद्रपक्षी सापडला. वाऱ्याने त्याला थेट इथवर उडवून आणले होते. तिने त्याला पाणी पाजले. समुद्र कुठल्या बाजूला आहे, असे त्याने विचारले. पण समुद्र कोणीच पाहिला नव्हता, मग सांगणार कोण? तेवढ्यात त्याला खाली ओढ्यातला मांडव दिसला आणि तो आपले दुःख विसरला.

"ताई, त्यांना तिथून उठवा," तो म्हणाला. "वारा दमलाय, पण त्याच्या डोक्यावरचं पाण्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. दमलेला हमाल ओझं कुठं टाकतो? जिथं पाय थकतात तिथंच. हे वादळ तुमच्या डोंगरांवर येऊन थकलंय."

कोल्हिणीने मागे वळून पाहिले. पलीकडचे डोंगर काळ्या ढगांत पार बुडाले होते. तिने लगेच खाली निरोप धाडला. निरोप ऐकून मांडवात हशा पिकला. इथे थेंब पडत नाही आणि पाहुणा पूर घेऊन आलाय, असे वानर म्हणाले. कोल्ह्याने उलट निरोप पाठवला, की मांडव सोडून लग्न लावले तर चार लोक हसतील, शिवाय मुहूर्त जवळ आला आहे.

तेव्हा नवरी स्वतः टेकडीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिच्या पंजात माळ होती.

"मुहूर्त सांभाळायचा की वऱ्हाड?" तिने विचारले. "मी इथंच उभी आहे. यायचं तर या, नाहीतर मांडवालाच माळ घाला."

कोल्ह्याचे तोंड उतरले. त्याने मांडवाकडे पाहिले. मग त्याच्याखाली खेळणाऱ्या सशांच्या पिल्लांकडे पाहिले आणि दोन पिल्ले पाठीवर घेऊन तो टेकडी चढू लागला. मागोमाग सगळे वऱ्हाड कुरकुरत निघाले. मंगलाष्टके म्हणायची असल्यामुळे वानरालाही झाडावरून उतरावे लागले. सर्वांत जास्त कुरकुर त्याचीच होती.

टेकडीवर केळीच्या पानाचा अंतरपाट धरला. ऊन पडले होते आणि त्यातच रिमझिम सुरू झाली होती. वानर 'शुभमंगल' म्हणाले आणि तिथेच थांबले, कारण डोंगराकडून घरघर ऐकू येत होती. पाहता पाहता लाल पाण्याचा लोंढा ओंडके आणि दगड घेऊन ओढ्यात शिरला. मांडव उचलला गेला, एकदा गोल फिरला आणि तोरणासकट निघून गेला. काठाची माती खचली, आणि वाऱ्याची झुळूकही नसताना वानराचे उंच झाड पाण्यात आडवे झाले.

सगळे पुराकडे बघतच राहिले. शेवटी कोल्हीणच म्हणाली, "वानरभाऊ, पुढचा शब्द राहिला."

"सावधान," वानर हळूच म्हणाले.

कोल्हा हसू लागला. हसता हसता म्हणाला, "बघा, माझा मांडव समुद्र पाहायला निघाला."

"म्हणजे याच पाण्यामागून गेलो की मी घरी पोहोचेन," समुद्रपक्षी आनंदाने म्हणाला. पण पाणी ओसरेपर्यंत कोल्ह्याने त्याला जाऊ दिले नाही. लग्नाच्या पंगतीत पहिले पान त्याचे मांडले गेले, आणि वाढायला वानर होते.

मुलांनो, ऊन आणि पाऊस एकदम आले की तुम्ही 'कोल्ह्याचं लग्न लागलं' म्हणून नाचता ना? खुशाल नाचा. फक्त ओढ्यात नको, टेकडीवर.

तात्पर्य : संकटाचा आवाज थांबला म्हणजे संकट टळले असे नव्हे, ते पुरते सरेपर्यंत जो सावध राहतो, त्याचाच आनंद टिकतो.