थांबेल त्याचा दगड

एका राज्यात गाणे ऐकणाऱ्यांचे दगड होत असत. नवल कसले, कायदाच होता तसा. झाले होते असे की राजा उग्रसिंह एकदा मेण्यात बसून निघाला असता चौकात कुणी गवई गात होता, माणसे भान हरपून उभी होती, आणि मेण्याला वाट मिळायला अंमळ उशीर झाला. एवढेच निमित्त. राजाने दरबारचा जादूगार भस्मकेतु याला बोलावले. भस्मकेतूने रस्त्यावर शाप पेरला: राजरस्त्यावर सूर चालू असता जो ऐकायला पाय थांबवील, त्याचा दगड होईल. तेव्हापासून राजा सिंहासनावर आरामात बसून सांगत असे, आमच्या राज्यात गाण्याला बंदी नाही. खरेच नव्हती! गा, वाजवा, घसा कोरडा करा. ऐकायला तेवढे कुणी थांबायचे नाही. अशी ही राजाची रसिकता.

त्या नगरात गोजरा नावाची मुलगी आईबरोबर दूरच्या गावाहून आली. तिच्यापाशी किंगरी होती: भोपळा, वेळूची दांडी, ताणलेल्या तारा आणि त्यांवर घासायचा, घुंगरू बांधलेला गज. आईने शिकवलेली विद्या रस्त्यावर मांडायची, लोकांनी ऐकायचे आणि त्यावर दोघींनी पोट भरायचे, असा बेत. रस्त्याच्या कडेला माणसांएवढाले दगड उभे होते. गोजराला वाटले, या नगराला मूर्तींची हौस दिसते. खरे काय ते कुणी सांगितले नाही. सांगायला थांबणार कोण?

तिने गज उचलला, पहिला सूर लावला. मागून आई भाकरीचे गाठोडे काखेत मारून येत होती. ती ऐकायला थांबली, काही सांगायला तिने तोंड उघडले आणि तशीच दगड झाली, गाठोड्यासकट.

गोजरा आधी रडली. मग तिला राग आला, आणि असा आला की रडणे मागेच राहिले. आईच्या ओठांवर अडकलेला तो शब्द कोणता, हे तिला आता कोण सांगणार होते? जाता जाता एकाने पाय न थांबवता तिला राजाचा कायदा सांगितला, तशी ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझी आई परत द्या."

"तुझी आई थांबली," राजा म्हणाला.

"लेकीचं वाजवणं ऐकायला थांबली. यात गुन्हा कोणता?"

"वाट अडते."

"कुणाची?"

"आमची."

भस्मकेतु पुढे झाला. "मुली, तीन गोष्टी केल्यास तर शाप उतरेल. राजरस्त्यावर मालक नसलेली जागा मिळव. चालत्या माणसाला न थांबवता सबंध गाणे ऐकव. आणि हाक न मारता, हात न लावता महाराजांचा मेणा थांबव. महाराज आपल्या पायांनी उतरून गाण्यासाठी उभे राहिले पाहिजेत. हरलीस, तर आईशेजारी तूही दगड."

दरबार खदखदून हसला.

"करते," गोजरा म्हणाली. "पण शब्द फिरवायचा नाही."

"जादूगाराने शब्द फिरवला तर त्याची जीभ झडते," भस्मकेतु म्हणाला. ते खरे होते. त्याच्या गुरूची तशीच झडली होती.

गोजरा जागा शोधू लागली. दुकानाच्या पायरीशी उभी राहिली, वाणी म्हणाला, "पायरी माझी, पुढे हो." देवळापाशी गेली, पुजारी म्हणाला, "ओटा देवाचा, पुढे हो." चिंचेखाली गेली, तर शिपाई म्हणाला, "ही सावली महाराजांच्या हत्तीची, पुढे हो."

"अरे, सावलीलाही मालक!" गोजरा ओरडली. "आणि तो हत्ती कुठाय?"

हत्ती नव्हताच. तो कधीचा मेला होता. सावली मात्र अजून त्याच्याच नावाने राखलेली होती.

तेव्हा एक साळुंकी आईच्या दगडी खांद्यावर बसून बोलली, "गोजरा, दगडाशेजारी कोण उभे राहते?"

कुणीच नाही. भीतीने सगळे तेवढी जागा सोडून चालत. गोजरा आईशेजारी उभी राहिली आणि तिने जमिनीला तीनदा विचारले, ही जागा कुणाची? तिसऱ्या खेपेला जमीन म्हणाली, "आता तुझी." पहिली गोष्ट झाली.

मग तिने वाजवायला घेतले. सावकाश, संथ, आईने शिकवले होते तसे. गाणे रंगात येईतो ऐकणारा वेशीबाहेर पोचलेला असे. माणसे येत, मान खाली घालून जात. गोजरा चिडली. "बहिरे मेले!"

"बहिरे नाहीत," साळुंकी म्हणाली. "त्या विहिरीपासून या चिंचेपर्यंत चालताना कानी पडेल, तेवढेच त्यांचे ऐकणे. तू वाजवतेस मात्र दरबारात लोडाला टेकून बसल्यासारखी."

गोजराला हे फार लागले. लागले, कारण खरे होते. तिने गज खाली ठेवला आणि लोकांचे पाय पाहत बसली. पखालवाल्याचे जड, कुंभारणीचे तोललेले, म्हाताऱ्यांचे फरफटते. मग विहिरीपाशी सुरू होऊन चिंचेपाशी पुरे होईल, एवढेच गाणे तिने बांधले, आणि त्याचा ताल तिने त्या पायांकडूनच घेतला. डोक्यावर मडक्यांची पाटी घेतलेली कुंभारीण ते ऐकत गेली. चिंचेपाशी गाणे संपले तशी ती हसली आणि काही काम नसताना उलट फिरून पुन्हा विहिरीकडे चालू लागली. दुसरी गोष्ट झाली.

राजाचा मेणा आला. भोई हुंहुं करीत पाय टाकत होते. गोजराने ताल त्यांच्या पायांतून उचलला. हळूहळू भोई तिच्या तालावर चालू लागले, मागून शिपाई, मागून सारा रस्ता. मेण्यात राजा मांडीवर बोटे वाजवू लागला. गाणे चढत चढत समेपाशी आले, आणि तेवढ्यात गोजराने गज उचलून धरला.

सूर थांबला. रस्ता जागच्या जागी थांबला. सूरच नव्हता, म्हणून कुणाचा दगड झाला नाही.

राजा तरातरा खाली उतरला. "अर्धे का सोडलेस? वाजव!"

"महाराज, आपण उभे आहात."

राजाने आपल्या पायांकडे पाहिले. एव्हाना बाकीचे सवयीने चालू लागले होते. तोही निघाला, चार पावले गेला, परत आला. पुन्हा निघाला, पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी तो गेलाच नाही. घामाने डबडबून तो म्हणाला, "काय व्हायचे ते होवो. आम्ही थांबतो. पुढचे ऐकव."

"माझी आईसुद्धा एवढ्याचसाठी थांबली होती, महाराज," गोजरा म्हणाली. "तिला मेणा नव्हता, एवढंच."

राजाने मान खाली घातली, पण पाय हलवला नाही. गोजराने गज तारेवर टेकवला.

तिसरी गोष्ट झाली; राजाचा दगड झाला नाही. रस्त्याच्या कडेने दगड अंग झाडू लागले. एकाने जांभई दिली, एकाने विचारले, मग पुढे? आणि आईच्या ओठांवर इतके दिवस अडकलेला शब्द बाहेर पडला.

"पोरी, वरची तार उतरलीय. आधी ती लाव."

गोजराला रडू आले आणि हसूही. ती खाली बसून खुंटी पिळू लागली. तार लागेपर्यंत राजा, भोई, कुंभारीण, सारा रस्ता उभा राहिला. वाट अडली ती अडलीच, कुणाचे काही बिघडले नाही. चालत्यांनी जिला ताल दिला आणि थांबल्यांनी जी ऐकली, ती ही कथा सुरात लागली, पुरी झाली.