नवी प्रणाली आणि मार्तंडाची सोयरीक

एका गावात एक भोळा कारकून राहायचा, मार्तंड. चाळिशी आली तरी लग्न जमेना. आणि नोकरी कुठे, तर कुमुदकाकूंच्या वधूवर सूचक केंद्रात! कॉम्प्युटरवर चारशे स्थळं. दुसरीकडे नोंद नाही.

एकदा पडद्यावर पाटी आली, ‘नवी प्रणाली तयार आहे. बदलायची?’

काकू म्हणाल्या, “बदलायचं विचारलं की एकदम हो म्हणू नये रे. ‘नंतर आठवण करून द्या’ म्हणावं.”

“बरं, काकू.”

घरी बहीण भाकरी थापत होती. “दादा, बाळाचं दुपटं ओलं झालंय. बदलतोस?”

“नंतर आठवण करून दे.”

तिनं तीनदा आठवण करून दिली. तीनदा तेच उत्तर. बाळ शिंकायला लागलं.

“अरे शहाण्या, नंतर कसलं? जुनं झटकन ओढून काढावं, नवं घालावं!”

“बरं गं.”

दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा आली. मार्तंडानं झटकन ‘हो’ दाबलं. जुनी प्रणाली निघाली, नवी चढू लागली. पडद्यावर ‘पन्नास टक्के काम झालं आहे’ असं आलं, तेवढ्यात साडेपाच वाजले. कचेरी सुटली, म्हणून त्यानं वायर उपसली. सकाळी पडदा काळा. चारशे स्थळं गडप.

“अर्ध्यावर सोडतं का कुणी?” काकू कडाडल्या. “बदल सुरू झाला की पुरता होईस्तोवर थांबायचं नाही. कुणी कितीही बोंब मारो!”

“बरं, काकू.”

काकूंना एकच स्थळ तोंडपाठ होतं: शेजारगावच्या तात्या सबनिसांची इंदुमती. मंडळी रविवारी मार्तंडाचं घर बघायला आली. “हे हुकलं तर बसशील तसाच,” काकूंनी बजावलं.

पण इंदुमती हसली. मार्तंड लाजला. तात्या म्हणाले, “आम्हाला पसंत आहे.” आणि आनंदाच्या भरात त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

“अरेरे, आता धोतर बदलावं लागणार.”

मार्तंड उठला. झटकन निऱ्यांना हात घातला.

“अहो, सोडा!” तात्या ओरडले.

“बाबा!” इंदुमती ओरडली.

“मेल्या, थांब!” काकू ओरडल्या.

बोंब बरीच मोठी होती. मार्तंड डगमगला नाही. पुरतं फेडूनच थांबला. घरात सगळे पँटवाले. दुसरं धोतर औषधालाही नाही.

पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभे तात्या म्हणाले, “आता?”

मार्तंडानं अदबीनं हात जोडले.

“पन्नास टक्के काम झालं आहे. कृपया जागचे हलू नका.”