आंबीने विणलेला तुकडा

खूप पूर्वी, दुधाच्या पांढऱ्या धुक्यात दही लावणारे इवले जीव राहायचे. त्यांच्यातल्या आंबीच्या अंगात एकदा एका विषाणूने आपला धागा सोडला. असा धागा उलगडला की जीव फुटायचा आणि त्यातून शेकडो विषाणू बाहेर पडायचे. आंबीने तो कसाबसा तोडला. त्यातला एक तुकडा तिने स्वतःच्या जीवनधाग्यात विणून ठेवला.

"अगं बाई, वैऱ्याची चिंधी कशाला मिरवतेस?" शेजारीण मथी हसली.

"असू दे गं."

पुढे आंबी दुभंगली आणि तिच्यातून कवडी वेगळी झाली. तुकडा तिच्याही अंगात आला. मथी तिलाही चिडवायची, तेव्हा कवडीला तो काढून टाकावासा वाटे.

मग एका शांत सकाळी तरंगत तरंगत त्याच जातीचा एक विषाणू कवडीला चिकटला. त्याचा धागा आत उतरू लागला. कवडी भ्यायली. तेवढ्यात तो तुकडा आतून हलला, आणि तिने त्या तुकड्याशी जुळणारा धागा नेमका हेरून कचकन कापला.

मथी जवळ आली. "कवडे, तू तर याला कधी पाहिलंही नव्हतंस!"

"पाहिलं नव्हतं," कवडी हळूच म्हणाली, "पण आठवलं."